कोरडा डोळा काय सांगतो?



आमचे चांदूर म्हणजे चांदूर रेल्वे. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार, आणि दुसरे हे आमचे. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी बडनेरा सोडून पुढे निघाली, की आमच्या गावावरून जाते. म्हणून गावाच्या नावाला 'रेल्वे' जोडले गेले.

इथला उन्हाळा कसा असतो, ते तुम्हांला सांगायला नको. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. विहिरी तळ गाठतात. वावरातली ढेकळे विटेसारखी कडक होतात. ओठ फुटतात, टाचा फुटतात. अशा दिवसांत डोळे कोरडे पडले, तर त्याची दखल कोण घेणार? "ऊन लागलं असन," असे म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो.

पुष्कळ वेळा ते खरेही असते. पण दर वेळी खरे नसते, बरं का! कधी कधी दुखणे असते शरीरात दुसरीकडेच, आणि त्याची पहिली खबर डोळा देतो. खबर कोणी ऐकली नाही, तर दुखणे आत वाढत राहते.

ही गोष्ट आम्हांला एका बाईंमुळे कळली. आणि कळून घ्यायला आम्ही फार उशीर केला. ती हकिगत आधी सांगतो.

वर्गातल्या एक बाई

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत असत. वय पन्नाशीचे. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या. त्यांच्या सांगण्यावरूनच हे लिहितो, पण नाव लिहीत नाही. त्यांना वाचायची मोठी हौस. सहा आठवड्यांत त्या सगळी मुळाक्षरे शिकल्या. एसटीची पाटी वाचू लागल्या. नातवाच्या पुस्तकातले धडे अडखळत का होईना, पण वाचू लागल्या.

मग काय झाले कोण जाणे, त्यांचे वाचन मागे पडू लागले. ओळीच्या मध्येच थांबत. डोळे चोळत. एकदा म्हणाल्या, "अक्षरं हालून रायली, गुरुजी. डोळ्यात माती गेल्यावानी वाटते."

आम्ही म्हणालो, "ताई, सवय नाही म्हणून तसं होते. जास्त वाचा, म्हणजे बसेल सवय."

बघा, हेडमास्तरकी सुटली तरी हेडमास्तरांची बोलण्याची खोड सुटत नाही!

पुढे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आम्ही म्हणालो, चुलीचा धूर लागला असेल. मग त्यांनी चष्मा घेतला. उपयोग झाला नाही. मग एका दुकानातून, कोणालाही न दाखवता, डोळ्यांत घालायचे थेंब आणले. थेंब घातले की दोन दिवस लाली जाई. पुन्हा येई. पुन्हा थेंब. असे आठ महिने चालले. शेवटी त्यांनी वर्ग सोडला. म्हणाल्या, "माह्याच्यानं नाई होत, गुरुजी. ह्या वयात कायचं अक्षर बसते?"

आम्हांला वाईट वाटले. एके दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्या जेवत होत्या. आम्ही पाहिले, की भाकरीच्या प्रत्येक घासाला त्या पाण्याचा घोट घेतात. आम्ही कारण विचारले. म्हणाल्या, "तोंडात थुकाच येत नाई जी. कोरडा घास उतरत नाई."

मग एकेक निघत गेले. त्या वर्षात त्यांच्या दोन दाढा काढाव्या लागल्या होत्या. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली असत. गाईचे दूध आता सून काढीत होती. थकवा तर इतका, की वेचणीला गेल्या तर दुपारीच बसून राहावे लागे.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण एवढे आमच्या ध्यानात आले, की एका माणसाच्या अंगात इतकी दुखणी एका वर्षात आली, तर त्यांची एकमेकांशी काही ओळख असली पाहिजे. आम्ही म्हणालो, "ताई, हे सगळं एका कागदावर लिहा. तुमच्या हातानं लिहा. अन् तो कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयात चला."

त्यांनी लिहिलेला कागद असा होता:

डोळ्यात माती. पाणी बी येते.
तोंड कोरडं. भाकर उतरत नाही.
दाढा दोन काढल्या.
बोटं सकाळी आखडते.
थकवा लय.
सर्दीची गोळी रोज.
डोळ्याचा थेंब दुकानातला. आठ महिने.

डॉक्टरांनी तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तोवर यातली एकेक ओळ त्यांनी वेगवेगळ्या माणसाला सांगितली होती. डोळा दुकानदाराला, दाढा दातांच्या डॉक्टरांना, बोटे मालीश करणारीला. थकवा तर कोणालाच सांगितला नव्हता. सातही ओळी एका जागी आल्या, तेव्हा आजाराचा माग लागला. त्यांना अमरावतीला पाठवले. डोळे तपासले, रक्त तपासले. आजाराचे नाव निघाले शोग्रेन.

हा शोग्रेन काय, ते पुढे सांगतो. त्याआधी डोळा ओला कसा राहतो, ते समजून घेऊ.

आसू म्हणजे नुसते पाणी नव्हे

डोळ्यांत पाणी फक्त रडताना येते, असे आपल्याला वाटते. तसे नाही. डोळ्यावर आसवांचा एक पातळ थर रात्रंदिवस असतो. तो दिसत नाही, म्हणून त्याची आठवण होत नाही. डोळ्याचे बुबुळ बाहेरून काचेसारखे स्वच्छ असते. त्या काचेत रक्तवाहिन्या नसतात. तिला ओलावा मिळतो, हवेतला प्राणवायू मिळतो, जंतूंपासून राखण मिळते, ती मुख्यतः या थरामुळे.

या थरात तीन वस्तू असतात. पहिली पाणी. ते वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या ग्रंथीतून येते. दुसरी तेल. पापणीच्या कडेला, केसांच्या मागे, बारीक छिद्रांची रांग असते. त्यांतून ते झिरपते. तेलाचा तवंग वर असला, की खालचे पाणी लवकर उडून जात नाही. तिसरी वस्तू म्हणजे एक बुळबुळीत रस. तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो.

आणि पापणी काय करते? ती सारवते. घरची बाई जसे अंगण सारवते, तशी पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा हा थर डोळ्यावर सारखा पसरवते.

आता तुम्ही विचाराल, डोळा कोरडा असेल तर त्यातून पाणी का वाहते? आमचाही गोंधळ इथेच झाला होता. आपल्याच तालुक्यात सावंगा विठोबा येथे गुढीपाडव्याच्या यात्रेत पुष्कळ कापूर जळतो. त्या धुरात उभे राहिले, की डोळ्यांतून धारा लागतात. डोळ्याला झोंबले, की तो पाणी सोडतो. कोरड्या डोळ्यालाही असेच झोंबते. मग तो एकदम पाणी सोडतो. पण ते पाणी गालावरून वाहून जाते, डोळ्यावर टिकत नाही. म्हणून वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो.

वावर का सुकते?

तुम्ही शेतकरी आहात. ओलिताचे वावर सुकू लागले, तर तुम्ही काय करता? नुसती वरून घागर ओतत नाही. आधी विहीर पाहता. मग पाट पाहता. बांध पाहता. माती पाहता. डोळ्याचेही तसेच आहे. त्याची पाच कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण : विहीर आटली

म्हणजे आसवांच्या ग्रंथीतून पाणीच कमी येते. वय वाढले, की ते थोडे कमी होतेच. बायकांची पाळी गेल्यावर शरीरातले रस बदलतात, तेव्हाही डोळे कोरडे पडतात. म्हणून हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो.

पण काही आजारांत ही विहीर वेगळ्याच रीतीने आटते. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. ती आपली राखणदार. पण कधी कधी ती शत्रू सोडून आपल्याच अवयवांवर तुटून पडते. कुंपणच शेत खाते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. तिने सांध्यांवर हल्ला केला, की सांधे सुजतात, सकाळी आखडतात. तो सांधेवात. तिने आसवांच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला केला, की डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडतात. तो शोग्रेनचा आजार. पुष्कळदा हे दोन्ही एकाच माणसात सापडतात.

हे नाव एका डॉक्टरांचे आहे. हेन्रिक शोग्रेन हे युरोपातल्या स्वीडन देशातले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्याकडे डोळे कोरडे पडलेल्या बायका येत. त्यांनी नुसते डोळे पाहिले नाहीत. तोंड पाहिले, सांधे विचारले. अशा १९ बायकांची माहिती त्यांनी १९३३ साली एका प्रबंधात लिहिली. त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचे दुखणे होते. आधी त्या प्रबंधाचे फारसे कौतुक झाले नाही. पुढे साऱ्या जगाने तो मानला. पाहा, इतक्या थंड देशातल्या बायकांचे डोळे काही उन्हाने कोरडे पडले नव्हते!

हा आजार झालेल्या दहा जणांत साधारण नऊ बायका असतात. तोंडाला लाळ नाही, म्हणून दात लवकर किडतात. थकवा फार येतो. कोणाच्या गालाची, कानाखालची ग्रंथी सुजते. अशी सूज राहूनच गेली, तर ती डॉक्टरांना जरूर दाखवावी, कारण या आजारात पुढे क्वचित ग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो. तरण्या बाईला हा आजार असेल आणि दिवस गेले असतील, तर तेही आधीच सांगावे. काही जणींच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाला त्यापासून धोका असतो. तो वेळेवर तपासता येतो.

दुसरे कारण : पाणी उडून जाते

विहिरीला पाणी आहे, पण वाऱ्या-उन्हाने ते टिकत नाही. पापणीच्या तेलाची छिद्रे बुजली, की असे होते. पापणीच्या कडा लाल होतात, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात. कोरड्या डोळ्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

सोयाबीन काढताना उडणारे कुटार, चुलीचा धूर, विडीचा धूर, फवारणी, तोंडावर सरळ येणारा कूलरचा झोत, यांनी त्रास वाढतो. मोबाईलकडे टक लावून पाहताना माणूस पापण्या कमी मिटतो. पुस्तक वाचतानाही तसेच होते. म्हणजे सारवणेच कमी होते!

आता याचे दुसऱ्या आजारांशी नाते पाहा. गळ्याशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती बिघडली, तर काही जणांचे डोळे पुढे आल्यासारखे, फार उघडे दिसतात. उघडा डोळा लवकर सुकतो. अशा माणसाचे वजन उतरत असेल, छातीत धडधडत असेल, हात कापत असतील, तर थायरॉईडची रक्ततपासणी करतात. कंपवातात माणूस पापण्याच कमी मिटतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाची नजर एका जागी खिळल्यासारखी दिसू लागली, हालचाल मंद झाली, हात थरथरू लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये.

तिसरे कारण : दार लागत नाही

पापणी म्हणजे डोळ्याचे दार. ते नीट लागले नाही, तर बुबुळ रात्रभर उघडे पडते. लकव्याने तोंड वाकडे झाले, की एका बाजूची पापणी मिटत नाही. लोक तोंडाकडे पाहतात, डोळ्याकडे पाहत नाहीत. तोंड पुढे कदाचित सरळ होईल, पण तोवर बुबुळ सुकून त्यावर फूल पडले, तर नजर जाईल.

अमरावतीचे तपोवन तुम्हांला ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी ते उभारले. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात, हे सगळे जाणतात. पण चेहऱ्याच्या नसाही बाधतात, हे फार थोड्यांना माहीत असते. पापणी मिटवणारी नस गेली, की दार उघडे राहते. बुबुळाची जाणीव देणारी नस गेली, की कचरा गेला तरी कळत नाही. दोन्ही मिळून डोळा जातो. आता कुष्ठरोग औषधाने पुरता बरा होतो. सहा महिने किंवा वर्षभर औषध घ्यावे लागते. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अंगावर बधिर चट्टा दिसला आणि लगेच औषध घेतले, तर पुढचे हे सगळे टाळता येते.

चौथे कारण : खबर पोचत नाही

वावर सुकले हे पाणी सोडणाऱ्याला कळलेच नाही, तर तो पाणी सोडील कसा? डोळ्याला बारीक नसा असतात. डोळा सुकला, ही खबर त्या मेंदूला देतात. मग मेंदू पाणी सोडायला सांगतो.

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, जुना झाला की नसा मंदावतात. पायाला खिळा लागला तरी कळत नाही. डोळ्याचेही तसेच होते. पाणी कमी येते आणि त्रासही कमी जाणवतो. "मला काही होत नाही," म्हणणाऱ्या माणसाच्या बुबुळावर जखम झालेली असते. म्हणून कोरडा डोळा आणि सोबत फार तहान, वरचेवर लघवी, न भरणारी जखम असे काही असेल, तर रक्तातली साखर तपासावी. साखर आहे हे माहीत असेल, तर वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला पडदाही तपासून घ्यावा. तो आतून बिघडतो आणि आधी पत्ता लागू देत नाही.

पाचवे कारण : मातीच बिघडली

डोळ्याची वरची त्वचा निरोगी नसेल, तर पाणी तिच्यावर ठरत नाही. मुलांना 'अ' जीवनसत्त्व मिळाले नाही, की असे होते. मूल आधी संध्याकाळी चाचपडते. ते रातांधळेपण. मग डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज, सुरकुतल्यासारखा होतो. त्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसतो. इथवर लक्ष दिले, तर डोळा वाचतो. पुढे बुबुळ विरघळू लागते, मग उपाय नाही. गोवर आणि जुलाब यांच्यानंतर हा धोका वाढतो.

त्यासाठी नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात. पहिला डोस गोवराच्या लसीबरोबर, मग दर सहा महिन्यांनी. ते फुकट असतात. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेली पपई, आंबा, दूध, अंडी यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते. शेवगा तर आपल्या अंगणातच असतो. मात्र मोठ्या माणसांनी, आणि विशेषतः गरोदर बाईने, या जीवनसत्त्वाची जादा औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत. त्याने अपाय होतो.

खुपऱ्यांचा रोगही डोळ्याची अशीच नासाडी करी. पापणीला आतून व्रण पडत, केस आत वळत, बुबुळ घासून निघे. जुन्या माणसांना तो रोग आठवत असेल. स्वच्छ पाणी, स्वच्छ तोंड आणि औषध यांनी तो हटला. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या गेल्या. म्हणजे लोकांनी मनावर घेतले, तर डोळ्याचे दुखणे देशातून जाते!

गोळीही कारण होते

काही औषधांनीही डोळे आणि तोंड सुकते. सर्दीच्या, खाज-ॲलर्जीच्या पुष्कळ गोळ्या नाकातले पाणी थांबवतात, तशा डोळ्यातलेही आटवतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, उदासीनतेवरच्या काही गोळ्या, तोंडावरच्या मुरुमांची काही औषधे, यांनीही असे होऊ शकते. आमच्या बाई सर्दीची गोळी रोज घेत होत्या. आजार होताच, त्यात गोळीने भर घातली.

पण म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची गोळी बंद केली आणि लकवा झाला, तर काय मिळवले? डॉक्टरांना गोळीचे पाकीट दाखवा. बदलायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

डॉक्टर काय तपासतात?

भिऊ नका, तपासणी दुखत नाही. खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी पाच मिनिटे अडकवतात. पाच मिनिटांत ती किती भिजली, ते मोजतात. पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही, तर डोळा फार कोरडा समजावा. ही युक्ती ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली सांगितली. ती आजही चालते. डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बुबुळही पाहतात. जिथे त्वचा खरवडली गेली असेल, तिथे तो रंग चमकतो. जरूर पडली, तर साखर, थायरॉईड आणि सांधेवात यांसाठी रक्त तपासतात.

गावाजवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी जावे. पुढे पाठवले, तर एका बाजूला अमरावती आहे, दुसऱ्या बाजूला वर्ध्याजवळचे सेवाग्राम. दोन्हीकडे मोठी रुग्णालये आहेत.

काय करावे, काय करू नये

डोळ्यांना आसवांसारखा ओलावा देणारे थेंब मिळतात. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, सांगितले तितक्या वेळा घालावे. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. त्याने पापणीतले गोठलेले तेल पातळ होते. पापण्यांच्या कडा स्वच्छ ठेवाव्या. वावरात, मोटारसायकलवर चष्मा लावावा. झोपताना पंख्याचा वारा सरळ तोंडावर घेऊ नये. वाचताना मधूनमधून पुस्तकावरून नजर काढून पापण्या चारदा पुरत्या मिटाव्या.

आता काय करू नये, ते नीट ऐका. डोळ्यांत मध, लिंबू, आल्याचा रस, कसलाही पाला पिळू नये. दुसऱ्याचे थेंब वापरू नये. आणि दुकानातून लाली घालवणारे थेंब आपल्या मनाने आणून महिनोन् महिने घालू नये. त्यांतल्या काहींत स्टेरॉईड नावाचे औषध असते. लाली लगेच जाते, म्हणून ते गुणकारी वाटते. पण ते फार दिवस घातले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूही होतो. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.

डोळा फार दुखत असेल, एकदम अंधुक झाला असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, किंवा पापणी मिटत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आठवडी बाजाराची वाट पाहू नये.

आणि एक गोष्ट. कोरडा डोळा असलेल्या प्रत्येकाला मोठा आजार असतो, असे मुळीच नाही. बहुतेकांना वय, धूळ, वारा, पापणीचे तेल यांचाच त्रास असतो. म्हणून घाबरू नये. पण "दुखणे हल्याला अन् औषध पखालीला" असेही होऊ देऊ नये. दुखणे कुठे आहे, ते आधी शोधावे.

कागद लिहा

शोधायचे कसे? तुम्ही आता साक्षर झाला आहात. तीच तुमची युक्ती. दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टरांना वेळ थोडा. आपणही गडबडतो, निम्मे विसरतो. डोळ्याच्या डॉक्टरांना गुडघ्याचे काय सांगायचे, असे वाटते. म्हणून घरीच कागदावर या प्रश्नांची उत्तरे लिहा:

१. डोळ्यांचा त्रास कधीपासून? सकाळी जास्त, की संध्याकाळी?
२. तोंड कोरडे पडते का? दात किडले का?
३. सांधे दुखतात का? सकाळी किती वेळ आखडतात?
४. तहान, लघवी, वजन, थकवा यांत काही फरक पडला का?
५. झोपेत डोळा उघडा राहतो का? घरच्यांना विचारून लिहा.
६. अंगावर बधिर चट्टा आहे का?
७. कोणत्या गोळ्या, कोणते थेंब घेता? नाव वाचता आले नाही, तर पाकीटच सोबत न्या.

अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. शुद्धलेखनाचे गुण इथे कोणी कापणार नाही. आमच्या बाईंच्या कागदात किती चुका होत्या! पण त्या कागदाने काम केले.

त्या बाईंचे पुढे काय झाले? शोग्रेन मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. सांध्यांसाठी गोळ्या सुरू झाल्या. दुकानातले थेंब बंद झाले. त्यामुळे डोळ्यातला दाब वाढलेला नाही ना, तेही पाहिले. नशिबाने वाढला नव्हता. सर्दीची गोळी डॉक्टरांनी बदलली. आता ओलाव्याच्या थेंबांची बाटली त्यांच्या कमरेच्या पिशवीत असते. चार महिन्यांनी त्या वर्गात परत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट ठेवून वाचला. मध्ये दोनदा थेंब घातले. 'दाढा दोन काढल्या' या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "तवा दोन होत्या, गुरुजी. आता तीन झाल्या."

त्या हसल्या. आम्हांला हसू आले नाही. अक्षरे हलतात असे त्या म्हणाल्या, त्या दिवशीच आम्ही "आणखी काय काय होते?" एवढे विचारले असते, तर ती तिसरी दाढ कदाचित वाचली असती. तुमच्या घरी कोणी डोळे चोळत असेल, तर आजच त्यांना एवढे विचारा. आणि ते जे सांगतील, ते कागदावर लिहून घ्या.